अर्ध्या ऐकलेल्या निकालाचा शिक्का

माझ्या तोंडावर छिन्नीचे दोन घाव आहेत, त्यामुळे मी कोण ते चटकन ओळखू येणार नाही. मी एक शिक्का आहे. पितळेचा, बदामाच्या आकाराचा, वर दोरी ओवायला कडी असलेला. हार्मबरो गावच्या लोहाराच्या दुकानात मोडीची टोपली आहे, तिच्यात तुटक्या बिजागऱ्यांखाली पडून मी बोलतोय.

माझा जन्मही याच गावातला. चर्चच्या मागच्या गल्लीत एक कोरीवकाम करणारा म्हातारा होता, त्यानं मला घडवलं. ज्यांच्यासाठी घडवलं ते वॉरिन तेव्हा चाळिशीला टेकले होते आणि नुकतेच राजाचे न्यायाधीश झाले होते. शिक्क्यावर काय कोरायचं, असं म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा त्यांना काही सुचेना. सिंह आणि गरुड सरदारांचे. वॉरिनचे वडील पाणथळीतले साधे मेंढपाळ. शेवटी त्यांच्या पत्नी इडोनिया म्हणाल्या, "बगळा कोरा. आमच्याकडे तेवढाच असतो." म्हणून माझ्या तोंडावर एका पायावर उभा असलेला बगळा आला आणि त्याच्याभोवती उलट्या अक्षरांत वॉरिनचं नाव.

वॉरिन वर आले ते कुणाच्या वशिल्यानं नाही. गावच्या पाद्र्यानं त्यांना अक्षरं शिकवली. मग ते एका न्यायाधीशाकडे कारकून म्हणून राहिले आणि बारा वर्षं दुसऱ्यांचे निकाल लिहीत गेले. पुढे स्वतः वकिली केली आणि मग खुर्ची मिळाली. त्यांना मुलगा एक, फल्क, आणि मुलगी एक, सबीना. फल्क बापासारखाच हुशार होता. सबीना आईसारखी, कमी बोलणारी.

मी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला, कातडी पिशवीत असायचो. वर्षातून दोनदा ते घोड्यावरून गावोगावच्या तुरुंगांत जात आणि अडकलेल्या माणसांचे खटले निकालात काढत. पावसात, चिखलात, कधी घोडा पोटापर्यंत पाण्यात. मी सगळं ऐकलंय. लोक म्हणायचे, वॉरिन बोलू देतात. इतर न्यायाधीश माणसाला अर्ध्यात तोडायचे. वॉरिन शेवटी दर वेळी विचारायचे, "आणखी काही सांगायचंय?" आणि माणूस "नाही" म्हणाला तरी थोडा वेळ थांबायचे. पुष्कळदा त्या थांबलेल्या वेळातच खरी गोष्ट बाहेर यायची. तेव्हा मला माझ्या धन्याचा अभिमान वाटायचा.

पन्नाशीनंतर त्यांचे कान जायला लागले. आधी डावा गेला, मग उजवाही मंद होत गेला. इडोनिया ईल माशाची चरबी कोमट करून कानात घालायच्या, कांदापातीचा रस घालायच्या, त्यावर लोकर दाबायच्या. काही उपयोग झाला नाही. त्यांनी नवऱ्याला ओठ वाचायला शिकवलं. रोज सकाळी दोघं समोरासमोर बसायचे आणि त्या आवाज न काढता बोलायच्या. आधी भाज्यांची नावं, मग माणसांची, मग अख्खी वाक्यं. वॉरिनना ते बऱ्यापैकी जमायला लागलं.

ही गोष्ट घराबाहेर फक्त एकाला ठाऊक होती. ओडो हा त्यांचा जुना कारकून. न्यायालयात तो खुर्चीच्या खालच्या पायरीवर, धन्याच्या गुडघ्याला लागून बसायचा. पंचांनी दोषी म्हटलं की उजवा गुडघा दाबायचा, निर्दोष म्हटलं की डावा. आणि मामला गुंतागुंतीचा असला, तर उठून कागद पुढे ठेवायचा आणि बोटानं ओळ दाखवायचा. अशी चार वर्षं गेली. कुणाला शंका आली नाही, असं त्या तिघांना वाटत होतं. एकच गोष्ट बदलली होती. वॉरिननी "आणखी काही सांगायचंय?" हे विचारणं सोडून दिलं होतं. उत्तर ऐकू येणार नाही, ही भीती होती.

सबीना अठरा वर्षांची झाली तेव्हा सर जोसलिन यांच्या घरातून मागणी आली. जोसलिन म्हणजे परगण्यातला मोठा जमीनदार, बोलघेवडा, मोठ्यानं हसणारा माणूस. न्यायाधीशाची मुलगी सून म्हणून मिळते आहे, एवढंच त्यांना हवं होतं. खुर्ची गेली असती तर मागणीही गेली असती, हे इडोनिया जाणून होत्या. वाङ्‌निश्चय हार्मबरोलाच ठरला, कारण त्याच आठवड्यात वॉरिनना तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगाचे खटले चालवायचे होते. न्यायासनावर त्यांच्या शेजारी दुसरे न्यायाधीश म्हणून सर जोसलिनच बसणार होते.

वाङ्‌निश्चयाच्या दिवशी सकाळी ओडो तापानं फणफणला. त्याला उठता येईना. इडोनिया नवऱ्याला म्हणाल्या की आज बसू नका, पोट बिघडलं म्हणून सांगा. वॉरिन म्हणाले की सात खटले उरलेत, शेरीफ ताटकळतोय, आणि आजच का नाही असं कुणी विचारलं तर? मला निभावता येईल. ओठ दिसतात मला. त्यांनी अंगावर लाल झगा चढवला, पट्टा बांधला, मला चाचपून पाहिलं आणि निघाले. पायरीवर शेरीफचा एक कारकून बसला होता. त्याला गुडघ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

सहा खटले नीट झाले. सातवा आल्विनचा होता. आल्विन पाणथळीतला लव्हाळी कापणारा, तिशीचा, तुरुंगातल्या खोकल्यानं वाकलेला. लव्हाळ्याच्या हद्दीवरून शेजाऱ्याशी भांडण झालं होतं आणि शेजारी मेला होता. बारा पंच उभे राहिले. त्यांचा मुख्य थर्स्टन नावाचा म्हातारा शेतकरी होता. त्याला छातीपर्यंत दाढी होती. मिशा ओठांवरून खाली आल्या होत्या.

थर्स्टननं पहिलं वाक्य पाठ करून आणलं होतं, ते खणखणीत म्हणाला, "धनी, मारलं यानंच." मग त्याची मान खाली गेली आणि आवाजही. "पण तो कोयता घेऊन अंगावर आला. याच्या मागं पाण्याचा चर होता, पळायला जागा नव्हती. जीव वाचवायला यानं हातातली कुदळ घातली."

मला प्रत्येक शब्द ऐकू आला. अशा माणसाला फाशी देत नाहीत. त्याला परत तुरुंगात ठेवतात आणि राजाची माफी मागवतात. माफी येतेच, काही महिने लागतात इतकंच.

वॉरिनना पहिलं वाक्य ऐकू आलं होतं. त्यानंतर त्यांना एक दाढी हलताना दिसली. दाढी थांबली. त्यांनी खालच्या पायरीकडे पाहिलं, तर तो कारकून मान खाली घालून लिहीत होता. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"फाशी," वॉरिन म्हणाले.

थर्स्टननं तोंड उघडलं. त्यानं बाकीच्या अकरा जणांकडे पाहिलं. एकानं त्याची बाही ओढली. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मी समजू शकतो. न्यायाधीशानं ऐकलंय, कायदा त्याला कळतो, आपण कोण विचारणारे? आल्विन मात्र हळूच म्हणाला, "पण सांगितलं ना त्यांनी." वॉरिननी त्याच्याकडे बघून मान डोलावली. काही ऐकू आलं नाही की ते अशी मान डोलवायचे, ती सवयच झाली होती.

शिक्षा अमलात आणणाऱ्या शेरीफसाठी फाशीच्या नावांचा कागद तयार झाला. त्यावर दोन नावं होती. मेण गरम केलं, मला पिशवीतून काढलं आणि दाबलं. बगळा छान उमटला. फाशी दुपारच्या घंटेला होती.

तिथून सगळे वाङ्‌निश्चयाच्या जेवणाला आले. किल्ल्याच्या फाटकापासून दहा घरांवरच भाड्याचं घर होतं. भाजलेला हंस, ईलचं सारण भरलेली पाई, मसालेदार वाइन असा थाट होता. घरच्यांनी सर जोसलिनना मुद्दाम वॉरिनच्या उजव्या हाताला बसवलं होतं, कारण त्या कानात अजून थोडी धुगधुगी होती. जोसलिन खुशीत होते. ते अगदी कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "बरं केलंत व्याही. या पाणथळीतल्या लोकांना अशीच जरब हवी. तो म्हातारा सांगतोय की जीव वाचवायला मारलं, कोयता अंगावर आला होता, आणि तुम्ही ढिम्म. मी तुमच्या जागी असतो तर पाघळलो असतो."

वॉरिनचा हात टेबलावरून खाली आला आणि त्यांनी पिशवीसकट मला मुठीत धरलं. इतकं घट्ट की कडी त्यांच्या तळव्यात रुतली. मग ते उभे राहिले.

अजून घंटा झाली नव्हती. दारातून हाक मारली असती तरी किल्ल्याच्या पहारेकऱ्याला ऐकू गेली असती. मला वाटलं, आता बोलतील. म्हणतील की मला ऐकू आलं नव्हतं, कागद परत आणा. सहा-सात शब्दांचं काम होतं.

इडोनियांनीही जोसलिनचं बोलणं ऐकलं होतं. त्यांनी नवऱ्याची बाही धरली. आवाज न काढता, रोज सकाळी शिकवायच्या तशा, त्या नुसत्या ओठांनी म्हणाल्या, "सबीना."

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सबीना बसली होती. नवऱ्या मुलानं काहीतरी म्हटलं होतं आणि ती हसत होती.

"काय झालं?" जोसलिननी विचारलं.

"काही नाही," वॉरिन म्हणाले. "वाइन मागवत होतो." आणि ते बसले.

थोड्या वेळानं घंटा झाली. ती त्यांना ऐकू येत नव्हती. ते इडोनियांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. इडोनियांनी डोळे मिटून घेतले, तेव्हा त्यांना कळलं.

तीन दिवसांनी ओडो उठला आणि त्यानं खटल्यांच्या नोंदीची चामड्याची गुंडाळी तपासायला घेतली. शेरीफचा कारकून प्रामाणिक होता. जे ऐकलं ते सगळं त्यानं लिहिलं होतं. पंच म्हणतात की यानं जीव वाचवण्यासाठी मारलं. म्हणून याला फाशी. ओडोनं ती ओळ धन्याला दाखवली. लंडनला कुणी हे वाचलं तर लगेच विचारतील, असं तो म्हणाला. वॉरिननी ती ओळ वाचली. मग त्यांनी लेखणी तासायचा चाकू उचलला आणि ओडोच्या हातात दिला.

ओडो खरवडत असताना रडत होता. चामड्याचा भुगा त्यानं फुंकून उडवला. त्या जागी तो जास्त काही लिहू शकला नाही, एवढंच लिहिलं की पंच म्हणतात, यानंच मारलं. गुंडाळी पिशवीत गेली, पिशवीचं तोंड बांधलं, गाठीवर मेण आलं आणि मेणावर मी. एकाच माणसासाठी मी दुसऱ्यांदा उमटलो.

लग्न थाटात झालं. वॉरिन त्यानंतर जेमतेम दीड वर्ष खुर्चीवर राहिले. मग लंडनहून वरिष्ठ न्यायाधीशांचं बोलावणं आलं. ते गृहस्थ भले होते. त्यांनी वॉरिनना उजेडात, आपल्या समोर बसवलं आणि सावकाश, ओठ नीट हलवत बोलले. "वॉरिन, तुमच्या कानांचं आम्हाला तीन-चार वर्षांपासून ठाऊक आहे. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून वाट पाहत होतो. दप्तरखान्यात तुमच्यासाठी जागा राखून ठेवली होती. मान तोच, दर्जा तोच. आता म्हटलं, आपणच विचारावं."

वॉरिननी त्यांना परत एकदा बोलायला लावलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

घरी परतताना सहा दिवस ते घोड्यावर बोटांवर वर्षं मोजत होते. तीन-चार वर्षं. म्हणजे आल्विनच्या आधीपासून. इडोनियांना त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्या मटार सोलत होत्या. त्या सोलतच राहिल्या. पण त्या दिवसापासून सकाळचं ते समोरासमोर बसणं बंद झालं. त्या आवाज काढून बोलेनात, ओठांनीही बोलेनात. त्या घरात मी कुणाचाच आवाज ऐकला नाही असे कितीतरी दिवस गेले. तीन हिवाळे त्यांनी असे काढले आणि मग त्या वारल्या. मरण्यापूर्वी त्यांनी सबीनाला बोलावून सगळं सांगितलं. सबीनानं विचारलं की हे का केलंत, तर त्या म्हणाल्या, तुझ्यासाठी.

सबीनाचा नवरा त्याच वर्षी तापानं गेला. मूल नव्हतं. सर जोसलिननी तिला दोन पेट्यांसह माहेरी पाठवून दिलं. फल्क लंडनला वकिली करत होता, त्याला सवड नव्हती. म्हणून स्केल्बी गावातल्या वॉरिनच्या घरात बाप आणि लेक अशी दोघंच उरली. वॉरिन अजूनही रोज पट्टा बांधायचे आणि मला लावायचे, जरी उमटवायला काहीच नव्हतं.

एका शरद ऋतूत दुपारी एक बाई आली. वॉरिन मागच्या अंगणात कोबीच्या वाफ्याजवळ बाकावर बसले होते. बाई पाणथळीतून दोन दिवस चालत आली होती. नाव गुनोरा. आल्विनची बायको.

ती सबीनाला म्हणाली की थर्स्टन मागच्या महिन्यात गेला, आणि जाताना त्यानं मला बोलावून घेतलं. आम्ही खरं सांगितलं होतं, म्हणाला. इतकी वर्षं ती समजत होती की त्या बारा जणांनी मिळून तिच्या माणसाला लटकवलं. चर्चमध्ये ती त्यांच्या बाकावर बसली नव्हती, त्यांच्या मयतीला गेली नव्हती. फाशी गेलेल्याची म्हणून झोपडी आणि लव्हाळ्याचा तुकडा जमीनदारानं घेतला होता. खुन्याचा पोर म्हणून मुलाला कुणी कामावर ठेवेना. तो समुद्रावर गेला आणि बुडाला.

"मला आता जमीन नको," गुनोरा म्हणाली. "घ्यायला कुणी उरलं नाही. एवढंच सांगा म्हणावं, की थर्स्टन तसं बोलला होता. यांच्या तोंडून एकदा ऐकते आणि जाते."

सबीना घरातून मेणाची पाटी घेऊन आली. तिनं त्यावर सळीनं लिहिलं. ही आल्विनची बायको. पंचांनी खरं सांगितलं होतं का, एवढंच विचारते. बाबा, हो म्हणा. मग तिनं पाटी बापाच्या मांडीवर ठेवली.

वॉरिननी वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांचा एक हात माझ्यावर होता, तो गार पडत गेला. त्यांनी वर बघून गुनोराकडे पाहिलं. तिचे ओठ स्पष्ट दिसत होते, ती काही बोलतही नव्हती, नुसती वाट बघत होती. मीही वाट बघत होतो. मग त्यांनी अंगठा मेणावर ठेवला आणि घासायला सुरुवात केली. एक ओळ गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. पाटी कोरी झाली तरी ते घासतच होते.

"बाईंना जेवायला घाल," ते सबीनाला म्हणाले. आवाज अगदी मऊ होता.

सबीनाला राहवलं नाही. ती म्हणाली, "बाई, हो. तुमचा माणूस जीवच वाचवत होता. थर्स्टन तसंच बोलला होता."

"तुम्ही होता तिथं?"

"नव्हते. आईनं सांगितलं मला."

"आई होती?"

सबीनानं नकारार्थी मान हलवली.

"मग राहू दे," गुनोरा म्हणाली. तिनं जेवायला नकार दिला. वाफ्याच्या कडेनं, कोबीवर पाय पडणार नाही अशी जपून, ती निघून गेली.

वॉरिन त्याच हिवाळ्यात गेले. पाद्र्यासमोर शेवटची पापकबुली द्यायची वेळ आली तेव्हा पाद्र्याचा प्रश्न त्यांना ऐकू आला नाही, की त्यांनी ऐकला नाही, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी मान डोलावली. पाद्र्यानं ते पुरे मानलं.

फल्क आला. आता तोही न्यायाधीश होणार होता. सबीनानं त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली की ती गुंडाळी उघडून दुरुस्त कर. फल्क वाईट माणूस नव्हता. तो लंडनला गेल्यावर खरंच शोधून वाचून आला.

"त्यात तसं काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"कारण ते खरवडलंय, फल्क."

"तेच म्हणतोय मी, सबीना. लिहिलेलं नाही."

रिवाजाप्रमाणे मेलेल्या माणसाचा शिक्का कुणाच्या हाती राहू द्यायचा नसतो, नाहीतर त्याच्या नावानं कुणी काहीही उमटवेल. फल्कनं मला इथे आणलं. लोहारानं मला ऐरणीवर पालथं धरलं, मग उताणं केलं, छिन्नी ठेवली आणि दोन घाव घातले. बगळ्याची मान एका बाजूला गेली, पाय दुसऱ्या बाजूला. फल्क सगळं होईपर्यंत उभा राहिला आणि मग नव्या शिक्क्याचं काम सांगायला पलीकडच्या गल्लीत गेला. सबीना आता दूरच्या एका मठात आहे, असं लोहाराच्या बायकोच्या बोलण्यातून कळलं. गुनोराचं काही कळलं नाही.

ही टोपली भरत आलीय. भरली की लोहार ती पितळ ओतणाऱ्याकडे देतो. माझं काय होईल ते त्याच्या हातात आहे. घोड्याच्या लगामाची बक्कल झालो तर चालेल, कुलपाची कडी झालो तर चालेल, दिव्याची बैठक झालो तरी चालेल. माझी कुणाकडे काही मागणी असेल तर ती एवढीच, की मला परत शिक्का करू नका.